मोरेसर आणि गडात दडलेले सहा मासे

मोरेसरांना घाईत असलेलं कुणी पाहिलं असेल तर त्याने मला जरूर कळवावं. मी त्यांच्याबरोबर पोलादपूरच्या हायस्कुलात नऊ वर्षं काढली, मला तो योग आला नाही. एसटी डोळ्यांदेखत सुटली तरी ते हात करायचे नाहीत. छत्री जमिनीत रोवून पुढच्या गाडीची वाट बघत उभे राहायचे आणि तेवढ्यात शेजारच्या माणसाला ढग कसे बनतात ते सांगून टाकायचे. पांढरा सदरा, बाह्या दोनदाच दुमडलेल्या, खिशात एक दुमडतं भिंग आणि कागदात गुंडाळलेले खडूचे तुकडे. आणि तोंडात एकच वाक्य, "आधी बसू दे."

हे वाक्य ते कशालाही लावत. कपात चहाची पूड वर आली, आधी बसू दे. वर्गात दंगा झाला, आधी बसू दे. एकदा वेळापत्रकावरून भूगोलाचे आणि हिंदीचे सर हमरीतुमरीवर आले. मोरेसर उठले, सावित्रीचं गढूळ पाणी भरलेला काचेचा ग्लास प्रयोगशाळेतून आणून दोघांच्या मधोमध ठेवला आणि स्वतः वह्या तपासत बसले. हे काय चाललंय म्हणून दोघंही भांडण थांबवून ग्लासाकडे बघत राहिले. गाळ खाली बसेपर्यंत तास संपल्याची घंटा झाली. त्यानंतर कुठेही आवाज चढला की आमचे हेडसर शिपायाला सांगत, "जा, मोरेंना म्हणावं ग्लास घेऊन या."

मी सांगलीहून इथे नोकरीला आले तेव्हा पहिले आठ-दहा दिवस शिक्षकांच्या खोलीत कपाटाआडच्या खुर्चीवर बसून काढले. प्रत्येकाला माझ्याबद्दल सगळं जाणून घ्यायचं होतं. गाव कुठलं, घरी कोण, लग्नाचं काय, एवढ्या लांब का आलात. मी हो-नाही करत आणखी आत सरकायची. एकट्या मोरेसरांनी मला काहीही विचारलं नाही. मधल्या सुटीत चहा आला की एक कप कपाटाच्या कडेला सरकवून ठेवायचे आणि आपल्या जागी जायचे. नवव्या की दहाव्या दिवशी त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "बाई, सांगलीच्या बाजारात शिरलं की हळदीचा वास येतो म्हणतात, खरं का हो?" मी अर्धा तास बोलत होते. बोलून झाल्यावर लक्षात आलं की आपण कपाटाआडून केव्हाच बाहेर आलोय.

माशांची गोष्ट त्यानंतर वर्षभरातली. अठ्ठ्याहत्तर साल असावं.

आमच्या शाळा समितीचे अध्यक्ष अण्णासाहेब, भाताच्या गिरणीचे मालक. त्यांच्या मुंबईच्या पुतण्याने शाळेला काचेची टाकी आणि सहा मासे भेट दिले. लालभडक, बोटभर लांबीचे मासे. त्यातल्या दोघांच्या शेपटीला खालून तलवारीसारखं टोक. हवेचे बुडबुडे सोडणारं एक यंत्रही होतं. वीज असली की ते चालायचं, म्हणजे कधीमधी.

टाकी आली तर तिच्यात शोभेचं काही हवं. आमचे चित्रकलेचे पवारसर पाचाडचे, रायगडाच्या पायथ्याला वाढलेले. त्यांनी टाकीत सिमेंटचा रायगड उभा केला. महादरवाजा, बुरूज, टकमक टोक, सगळं जागच्या जागी. एका कडेला बोट जाईल एवढी चोरदिंडीसुद्धा केली. कुणी हलवू नये म्हणून गड तळाच्या काचेला सिमेंटनेच पक्का बसवला. तलवारवाले मासे गडाभोवती फिरू लागल्यावर पोरांनी त्यांना मावळे म्हणायला सुरुवात केली, ते साहजिकच होतं.

उद्घाटन मात्र आपल्या पद्धतीने झालं. काचेवर कुंकवाची पाच बोटं उठली, उदबत्ती लागली, नारळ फुटला. नारळाचं पाणी टाकीत शिंपडायला निघालेला अण्णासाहेबांचा हात मोरेसरांनी वरच्यावर धरला. मग पाचवी ते दहावीचे सगळे वर्ग रांगेने टाकीपुढून गेले आणि जाताना प्रत्येकाने काचेवर टकटक केलं. शिक्षकांनीही केलं. मीही केलं, खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या दिवशी दोनच मासे दिसत होते. तिसऱ्या दिवशी एकही नाही. टाकीत स्वच्छ पाणी होतं, बुडबुडे होते, रायगड होता, मावळे मात्र नाहीसे झाले होते.

मग तर्क सुरू झाले. मांजर आलं असेल. उडी मारून गेले असतील. दोन दिवसांत सगळ्यांचे तर्क फिरून फिरून एका माणसापाशी येऊन थांबले, तो म्हणजे धोंडू.

धोंडू प्रयोगशाळेचा शिपाई. आंबेनळी घाटातल्या एका वाडीवरचा, पंचविशीचा, राबायला वाघ आणि बोलायला गरीब. तीन वर्षं तो हंगामी होता, आणि त्याला कायम करण्याचा कागद नेमका त्याच महिन्यात समितीपुढे सहीला आला होता. प्रयोगशाळेची किल्ली त्याच्याकडे. वीज गेली की सायकलचा पंप घेऊन टाकीत हवा भरत बसायचा तो. पण आमच्या लेखनिकाने त्याला सकाळी सकाळी बादली घेऊन प्रयोगशाळेतून बाहेर पडताना पाहिलं होतं. कोकणातला माणूस, बादली आणि मासे, एवढ्यावर लोकांनी कालवणापर्यंत मजल मारली.

समितीची बैठक बसली. माझं अक्षर बरं म्हणून इतिवृत्त लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलेलं, त्यामुळे सगळं माझ्यासमोर झालं.

"मोरे, सहा मासे टाकीतून जातात कुठे?" अण्णासाहेबांनी सुरुवात केली. "पाय फुटले का त्यांना?"

"गेले नाहीत, अण्णासाहेब. टाकीतच आहेत. नव्या जागेला आलेला मासा दडून बसतो."

"तुमचं पुस्तक राहू द्या. धोंडू, तू सकाळी बादली घेऊन जात होतास का?"

दारात उभा असलेला धोंडू गोंधळला. "व्हय जी. रोजच नेतो."

"रोजच!" कुणीतरी हसलं, आणि मग सगळेच हसले. धोंडूचं तोंड जे बंद झालं ते झालंच. आपण काय चुकीचं बोललो हे त्याला कळत नव्हतं, आणि त्याला नीट विचारायचं आमच्यापैकी कुणाला सुचलं नाही. याची मला आजही लाज वाटते.

मोरेसर उठले. शाळेत ते पुस्तकातली मराठी बोलायचे, पण त्या दिवशी त्यांच्या तोंडून गावची बोली बाहेर आली.

"अण्णासाहेब, मी शिवथरच्या खोऱ्यातला. आमच्या वस्तीतल्या पोरांना तेव्हा शाळेच्या दाराभायेर बसवायचे, मी बी तिथंच बसून शिकलो. एक दिवस शाळेची पितळी घंटा दिसंना. मास्तरांनी सगळ्यात आधी माझ्या बापाला बोलावणं धाडलं. दिसत नाय म्हंजी चोरली, आणि चोरली म्हंजी आमीच. चार दिवस बाप खाली मान घालून गावात हिंडला. पाचव्या दिवशी घंटा पेंढ्याच्या गंजीत घावली, मास्तरांच्याच पोरानं खेळायला नेलेली. बापाला कुनी येऊन सांगितलं पन नाय, की बाबा, तुझं काय चुकलं नव्हतं." ते थांबले, आणि पुन्हा शाळेच्या मराठीत आले. "मला आठ दिवस द्या. नवव्या दिवशी मासे दिसले नाहीत, तर धोंडूला काढायच्या आधी माझा राजीनामा घ्या."

"लिहून द्या," अण्णासाहेब म्हणाले. त्यांना वाटलं असणार, माणूस माघार घेईल.

सरांनी तिथेच लिहून दिलं. त्यांच्या घरी म्हातारी आई होती, दोन मुली शिकत होत्या, आणि पगार एकच होता. 

"एवढं कशाला?" समितीतले एक जण म्हणाले. "गड फोडा आणि बघा आत आहेत का!"

"गड पोकळ आहे ना, पवार?" मोरेसरांनी विचारलं.

"पोकळच आहे. उपड्या मडक्यावर लिंपलाय."

"मग फोडा की!" ते सदस्य पुन्हा म्हणाले.

पवारसर लाल झाले. "रायगड फोडू? मी पाचाडचा माणूस आहे. ज्याला फोडायचाय त्याने स्वतः हातोडा घ्यावा."

हातोडा शाळेतच होता, हेडसरांच्या कपाटात. पण सिमेंटचा असला म्हणून काय झालं, आमच्या या मुलखात रायगडावर हातोडा घालायला कोण उठणार? अण्णासाहेबांनी सगळ्यांकडे पाहिलं. सगळ्यांनी छताकडे पाहिलं. शेवटी ते म्हणाले, "असू दे. आठ दिवसांनीच बघू."

मोरेसरांनी आपल्या जुन्या छत्रीचं काळं कापड उसवून टाकीला तीन बाजूंनी बांधलं. वर्गांच्या रांगा बंद झाल्या, टकटक बंद झाली. रोज संध्याकाळी ते सुका जवळा बारीक कुटून चिमूटभर पाण्यात सोडायचे. सकाळी तो दिसायचा नाही. "खातायत," सर म्हणायचे. "विरघळतोय," लेखनिक म्हणायचा. एक दिवस गेला, दोन गेले, चार गेले. चोरदिंडी काळीच्या काळी. चौथ्या दिवशी सरांनी पहिल्यांदा चहा अर्धा ठेवला, हे मी पाहिलं.

पाचव्या दिवशी सकाळी मी नकाशा न्यायला लवकर आले होते. प्रयोगशाळेचं दार उघडं. आत मोरेसर पाठमोरे उभे, आणि टाकीपाशी धोंडू. त्याच्या हातात तांब्या, पायाशी बादली. टाकीतलं पाणी तो तांब्यातांब्याने काढत होता.

"काय करतोस रे?" सरांचा आवाज अगदी हळू होता.

"शिळं पानी काढतोय, सर."

"रोज काढतोस?"

"रोज. पार तळाला येईस्तोवर काढतो, मंग ताजं भरतो हिरीचं. शिळं पानी कुनाला ठेवायचं? आमच्या घरी हंड्यातलं बी सकाळी वतून देतात. पाव्हन्याला शिळं पानी देत नाय आमच्यात, आणि ही तर मुंबयची पाव्हनी."

एवढीच ती बादली. ज्या बादलीवरून माणूस चोर ठरला होता, तिच्यात पाहुणचार होता. रोज विहिरीवरून सहा खेपा, त्याही कुणी न सांगता.

सर स्टुलावर बसले. "अरे धोंडू," ते म्हणाले, "माशाला मुरलेलं पाणी लागतं. तू रोज सकाळी त्यांना नव्या गावाला नेऊन सोडतोयस. कसे बाहेर येतील ते?" मग एकदम त्यांचा चेहरा उतरला. "आणि हे काढलेलं पाणी कुठे टाकतोस?"

"जास्वंदीच्या आळ्यात."

सर उठून सरळ मागच्या अंगणात गेले. जास्वंदीच्या बुडाशी चिखलात गुडघे टेकून, खिशातलं भिंग काढून, ते इंच इंच माती बघू लागले. मी दारात उभी होते. त्यांना भीती वाटली होती, उघड दिसत होतं. तांब्यातून मासे गेले असतील, तर धोंडूची नोकरी गेली आणि सरांचीही गेली.

धोंडू त्यांच्या मागे येऊन उभा राहिला. आल्यापासून मी ऐकलं नव्हतं एवढं लांब तो बोलला. "सर, मी फडकं लावून काढतो तांब्या. आमी प्यायचं पानी बी गाळून घेतो, तर हितं नाय घेनार? पन तरी बी... मी असं करतो, मीच खाल्ले म्हून सांगतो. माझं काय, वाडीवर नाचनी हाय. तुमच्या पोरी शिकतायत. तुमी नका जाऊ."

सर चिखलातून उठले. इतक्या वर्षांत त्यांना ओरडताना मी तेवढं एकदाच ऐकलं. "खबरदार! जे केलं नाहीस ते कबूल करशील तर मी तुझ्याशी जन्मात बोलणार नाही. फडकं लावतोस ना? मग मासे आत आहेत. आजपासून टाकीला हात लावायचा नाही. आधी बसू दे!"

उरलेले चार दिवस धोंडूने कसे काढले ते त्यालाच ठाऊक. हात मोकळे ठेवून बसायची त्याला सवयच नव्हती. पाणी जरा हिरवट दिसायला लागलं तसा तो येता-जाता त्याच्याकडे बघून हळहळायचा, आणि मग तांब्या उचलायचा मोह नको म्हणून स्वतःच जाऊन तो हेडसरांच्या खोलीत ठेवून आला.

नवव्या दिवशी समिती आली. प्रयोगशाळेत बाकं लावली होती. सरांनी पुढचं कापड सोडलं. हिरवट पाणी, रायगड, एका बुरुजावर जरासं शेवाळ. मासा एकही नाही.

अण्णासाहेबांनी खिशातून सरांचा कागद काढला आणि उलगडायला घेतला.

"बसा, अण्णासाहेब. चहा येतोय," मोरेसर म्हणाले. "तेवढा वेळ कुणी बोलू नये, आणि कुणी हलू नये, एवढीच विनंती."

चिमूटभर जवळा पाण्यात पडला आणि आम्ही सगळे गप्प बसलो. चहा आला, तोही न आवाज करता. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक मला पहिल्यांदाच ऐकू आली. धोंडू दाराला टेकून डोळे मिटून उभा होता. पाच मिनिटं गेली. दहा गेली. अण्णासाहेबांनी खोकायला तोंड उघडलं, आणि ते तसंच उघडं राहिलं.

चोरदिंडीत एक लाल ठिपका दिसत होता.

ठिपका पुढे आला, मागे गेला, पुन्हा पुढे आला, आणि तलवारवाला मावळा सरळ महादरवाजापर्यंत पोहत गेला. त्याच्यामागून दुसरा. मग तिसरा, चौथा.

"चार," अण्णासाहेब कुजबुजले. थोड्या वेळाने, "पाच!" आणि मग बराच वेळ काहीच नाही. "मोरे, एक कमी आहे."

"बसू दे की, अण्णासाहेब."

सहावी मादी होती. ती सगळ्यांत शेवटी आली, सावकाश, दिंडीतून निघून बुरुजाला वळसा घालत. आणि तिच्यामागे दिंडीच्या तोंडाशी काहीतरी लुकलुकलं. तांदळाच्या कणीएवढे, डोळे तेवढे मोठे, असे इवले इवले जीव एकेक करून बाहेर डोकावत होते. आमचा कुणाचाच विश्वास बसेना. मोरेसरांनी खिशातलं भिंग काढून अण्णासाहेबांच्या हातात दिलं. भाताच्या गिरणीचे मालक गुडघ्यावर बसले आणि भिंगातून मोजू लागले. तेरापर्यंत त्यांना मोजता आले.

"सर!" दारातून धोंडूचा आवाज आला, आणि तो काही कुजबुजला नव्हता. "पोरं झाली वो! गडावर पोरं झाली!"

त्या आरोळीने सगळे मासे झटक्यात पुन्हा गडात गेले. पण आता कुणाला पर्वा होती? पवारसरांनी हेडसरांना मिठी मारली. खिडकीबाहेर कान लावून बसलेल्या पोरांनी महाराजांचा जयजयकार केला आणि तो सगळ्या वर्गांतून पुढे गेला. माझ्या डोळ्यांना पाणी आलं होतं, मी ते इतिवृत्ताच्या वहीआड लपवलं.

मोरेसर अण्णासाहेबांपुढे उभे राहिले. चेहरा गंभीर, डोळे मात्र नाचत होते. "अण्णासाहेब, आपण सहा दिले होते. आता जास्त भरतायत. जास्तीचे परत न्यायचे असतील तर पिशवी आणायला सांगतो."

माणूस तालेवार असला तरी कोता नव्हता. अण्णासाहेब खो खो हसले. राजीनाम्याचा कागद त्यांनी फाडला, धोंडूचा कागद तिथेच बाकावर ठेवून सही केली, आणि मग उठून धोंडूपुढे जाऊन सगळ्यांसमोर म्हणाले, "धोंडू, माझं चुकलं." पोलादपुरात त्यांच्या तोंडचे हे शब्द त्याआधी कुणी ऐकले नव्हते. मोरेसरांनी तेवढ्यात तोंड फिरवलं आणि बराच वेळ ते जास्वंदीकडे बघत उभे राहिले. त्यांना कोण आठवत होतं ते मला ठाऊक होतं.

पुढे त्या सहांचे साठ झाले. पोलादपुरात आणि महाडला कितीतरी घरांत बरण्यांमधून आमच्या शाळेचे मावळे गेले.

मोरेसर निवृत्त झाले त्या दिवशी सभागृह खच्चून भरलं होतं, हार तयार होते, आणि सत्कारमूर्तींचाच पत्ता नव्हता. अण्णासाहेब स्वतः शोधायला निघाले, मागून आम्ही. प्रयोगशाळेच्या दारात धोंडू आडवा हात लावून उभा. आता त्याच्या मिशीत पांढरा केस होता.

"सर आत हायत का रे?"

"हायत. पन आत्ता नाय जायचं कुनी," धोंडू म्हणाला. "दिसत नाय म्हंजी गेलं नाय. बसू द्या त्यांना जरा. येतील आपसूक."

आम्ही सगळे, अध्यक्षांसकट, व्हरांड्यात गुपचूप उभे राहिलो. दहा मिनिटांनी दार उघडलं आणि सर बाहेर आले, डोळे लाल, हातात काचेची बरणी. ते सभागृहात शिरले तेव्हा शाळा उठून उभी राहिली आणि टाळ्या कितीतरी वेळ थांबल्या नाहीत.

संध्याकाळी आम्ही त्यांना एसटीवर पोचवायला गेलो. ते शिवथरच्या खोऱ्यात, आपल्या गावी परत निघाले होते. ज्या शाळेच्या दाराबाहेर ते बसले होते, तिच्यात आता टाकी ठेवायची होती. खिडकीशी ते बसले, मांडीवर बरणी, बरणीवर छत्रीचं तेच काळं कापड. दोन्ही हात बरणीला, त्यामुळे त्यांना निरोपाचा हात काही करता येईना. गाडी हलली तसा धोंडू खिडकीबरोबर पळत सुटला आणि साऱ्या स्टँडला ऐकू जाईल असा ओरडला, "सर, पानी रोज बदलू नका हां!"

मोरेसर मान मागे टाकून मोठ्याने हसले. गाडी वळणाआड जाईपर्यंत ते हसताना दिसत होते.